आतड्यांना दात नसतात

३ मार्च

डॉक्टरसाहेब,

चार वर्षांनी भावाच्या अक्षरातलं पाकीट आलं. हात धुतले, पुसले, खुर्चीत नीट बसले आणि मग उघडलं. आत काय, तर छापील फॉर्म! 'रुग्णाच्या जठरात बाहेरून नळी बसवण्यास आमची हरकत नाही.' खाली दोन रेघा. एकीवर आपली सही आणि दुसरीवर पेन्सिलीनं फुली, म्हणजे मला बापडीला कळावं की सही कुठे ठोकायची. सोबत चिठ्ठी. 'बाबांचं वजन अकरा किलो उतरलं. खाल्लेलं अंगी लागत नाही, जेवताना ठसके लागतात. १८ तारखेला नळी बसवतो. सही करून उलट टपाली पाठव.' ना ताई, ना कशी आहेस. वीज कंपनीलासुद्धा माणूस याहून मायेनं लिहितो.

मी सही करत नाही. हे आधीच सांगून टाकते. आणि अहो-जाहो मला एका परिच्छेदापलीकडे रेटत नाही, तेव्हा आता तू.

हरकत नाही म्हणे! मला आहे हरकत. ज्या माणसानं आयुष्यभर मुलांना पचनाचा धडा शिकवला, त्याच्या पोटाला भोक पाडून वरून पातळ पेज ओतायची आणि त्याला म्हणायचं सोय? तोंड काय फक्त औषधाच्या गोळ्या टाकायला ठेवायचं?

माझं शिक्षण बेताचं आणि धंदा कवळ्या बनवण्याचा, हे मला माहीत आहे. माहीत नसतं तरी चार वर्षांपूर्वी तू जिन्यात उभा राहून साऱ्या इमारतीला ऐकवलंसच. 'तुझ्या प्लॅस्टरच्या धुळीनं बाबांची छाती भरली, माझ्या घरी सगळ्या सोयी आहेत,' म्हणालास आणि त्यांची बॅग उचललीस. मी काय बोलले ते सोड. तो जिना तरी आठवतो का तुला? त्याच जिन्यावर रविवारी बाबा आपल्याला आणि शेजारच्या पोरांना एकेका पायरीवर उभं करायचे. सगळ्यांत वर मी, दात. माझ्याखाली लाळ, मग अन्ननलिका, आणि वरून चौथ्या पायरीवर तू, जठर, कारण तुझं पोट पुढे होतं. त्याखाली यकृत, मग हात धरून तिघं जण लहान आतडं, कारण ते सगळ्यांत लांब. शेवटी मोठं आतडं, आणि त्याच्यावर सगळे फिदीफिदी हसायचे. जुन्या वर्तमानपत्राचा बोळा म्हणजे घास. मी तो फाडून तुकडे करायचे, लाळेनं ते ओले करायचे, तू घुसळायचास. एकच नियम होता : आपलं काम झाल्याशिवाय पुढे ढकलायचं नाही. तेव्हापासून मी दाढ आणि तू जठर. एकदा तू भोकाड पसरून खेळ मोडलास, तेही आठवतंय मला.

तर जठरा, सांग. बाबा जेवतात तेव्हा तू कधी समोर बसलास का? एक घास किती वेळा चावतात, मोजलंस का? जठरात आम्ल असतं, करवत नसते. आतड्यांना दात नसतात. वरून आख्खा तुकडा गेला तर खालच्यांनी कितीही घुसळलं तरी काय होणार? हे मी माझ्या बेताच्या शिक्षणावर सांगतेय, आणि तू भिंतीवर पाच पदव्या टांगून बसलायस.

आणि कवळीकडे बोट दाखवायचा विचारही करू नकोस. गेल्या जूनमध्ये जुनी पडून फुटली असा बाबांचा फोन आला, आणि आठ दिवसांत नवी माझ्या हातची त्यांच्या पत्त्यावर पोचली. माझ्या कामाला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही.

फॉर्म माझ्याकडेच ठेवते.

— दाढ (अजून उपटलेली नाही)


१० मार्च

जठरा,

तुझं उत्तर मिळालं. दहा ओळी आणि सोबत रिपोर्टांची चळत. प्रगती आहे.

सगळं वाचलं. आमच्या दंतवैद्य बाईंना, ज्यांची कामं मी करते त्यांना, शेजारी बसवून वाचून घेतलं. जठर स्वच्छ. व्रण नाही, गाठ नाही. यकृत ठणठणीत, पित्त वेळेवर, आतड्यांना सूज नाही. म्हणजे जिन्यावरची सगळी पोरं आपापल्या पायरीवर नीट उभी आहेत! आणि मग खाली, बारीक अक्षरात, 'शौचात न चावलेल्या अन्नाचे तुकडे आढळले.' मी ती ओळ तीनदा वाचली. अरे, हे आढळलं आणि तरी तू पोटाला भोक पाडायला निघालास? घर गळतंय म्हणून तू फरशी बदलतोयस!

आणि हो, काही रिपोर्ट मागच्या वर्षीचे आहेत. मागच्या वर्षीच्या कागदांवर तू या वर्षीचा माणूस तपासतोस? आमच्या धंद्यात हे चालत नाही बाबा. कुणी जुनं माप पाठवलं की मी ते आल्या पावली परत करते. तोंड रोज बदलतं, नवं माप घ्या, मग माझ्याकडे या. सगळे दवाखाने मला खडूस म्हणतात ते काय उगीच?

आणखी एक. दुर्बीण आत घालायच्या आधी कवळी काढून वाटीत ठेवतात. ती वाटी तू पाहिलीस का? की तुझी दुर्बीण ओठांतून आत गेली आणि तू बघायला सुरुवात केलीस थेट घशापासून?

विचारते, कारण काल मी बाबांना फोन केला. चार वर्षांत आमचे फोन झाले ते दोन-दोन मिनिटांचे, तू घरात नसताना. काल ते बराच वेळ बोलले. म्हणाले, 'सगळं ठीक आहे गं दाढे, तू त्रास करून घेऊ नकोस.' बोलणं ठीक होतं, अक्षरं ठीक नव्हती. लहानपणी त्यांनीच शिकवलंय, त थ द ध न ही दंत्य अक्षरं, जीभ दातांना टेकल्याशिवाय उमटत नाहीत. काल त्यांचं 'दाढे' मला ऐकूच आलं नाही. 'आढे' की 'ह्ढे' असलं काहीतरी हवेतच विरलं. वीस वर्षं हाच धंदा करतेय, बिनकवळीचं तोंड मला फोनवरूनही ओळखू येतं.

म्हणजे बाबांच्या तोंडात कवळी नाही. का नाही? कुणी हरवली? कुणी घालून देत नाही? तुझ्या बायकोला विचारलं तर म्हणाली, 'ताई, बाबांचं ताट रोज स्वच्छ असतं.' ताट स्वच्छ असतं! मांजराचंही असतं. आठ दिवस खपून मी एकेक दात मेणात बसवला, घासला, चकचकीत केला, तो काय तुमच्या कपाटात शोभेला? तुमच्या त्या सगळ्या सोयींच्या घरात म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात कवळी घालायची तेवढी सोय नाही वाटतं?

माझ्या अंगाची लाही लाही होतेय. तू परिषदेला चार दिवस बाहेर जाणार आहेस, हे बाबांनी सांगितलं. छानच. मी बुधवारच्या बसनं येतेय. माझ्यासमोर कवळी घालून ते जेवतील आणि मग तुझ्या त्या फॉर्मचं काय करायचं ते मी बघते.

— दाढ


१४ मार्च
तुझ्याच जेवणाच्या टेबलावरून

हे पत्र फळांच्या टोपलीखाली ठेवून जाईन. परिषदेहून आलास की वाच. उभ्यानं वाचू नकोस, बस.

काल दुपारी पोचले. येताना बसमध्ये भांडणाची चार वाक्यं पाठ केली होती. तुझ्या बायकोनं दार उघडलं, पाणी दिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, 'ताई, बरं झालं आलात.' माझी चारही वाक्यं घशातच राहिली.

बाबा खिडकीपाशी बसले होते. सदऱ्याच्या गळपट्टीत मान हलत होती, इतके वाळलेत. मला बघून आधी हसले आणि मग पटकन हात तोंडावर धरला. मग म्हणाले, 'थांब हं,' आणि टेबलावरचा पेनांचा डबा उघडला. लाल पेन्सिली, खडूचे तुकडे आणि तळाशी रुमालात बांधलेली माझी कवळी. लखलखीत. एक ओरखडा नाही. माझ्याकडे पाठ करून त्यांनी ती घातली आणि वळून म्हणाले, 'बघ, काय झोकात बसलीय.' आणि खालची कवळी त्या एवढ्याशा वाक्यात दोनदा उचलली गेली.

मी त्यांना उजेडात बसवलं, कवळी काढली आणि आत पाहिलं.

जठरा, मी तोंडं बघत नाही रे. तोंडं आमच्या दंतवैद्य बाई बघतात. माझ्यापर्यंत येतो तो प्लॅस्टरचा साचा. त्यामुळे सात वर्षांत काल पहिल्यांदा मी बाबांच्या तोंडात पाहिलं. खालची हिरडी झिजून झिजून नुसती कड उरलीय. आणि उजवीकडे, जिथे माझ्या कवळीची कडा टेकते तिथे, करंगळीच्या नखाएवढी जखम. जुनी. भरून आलेली, पुन्हा फुटलेली, पुन्हा भरलेली. मी बोट नुसतं जवळ नेलं तर या माणसानं खुर्चीचा हात घट्ट धरला.

आता मी पोटात ठेवलेलं सांगते. माझ्या कारखान्यात खिडकीच्या फळीवर एक साचा आहे. बाकी सगळे साचे वर्षभरानं फोडून टाकते, तो सात वर्षं ठेवलाय. त्यावर पेन्सिलीनं 'बाबा' असं लिहिलंय, त्यांच्या जुन्या कवळीच्या वेळचा. तू त्यांना घेऊन गेलास तेव्हापासून मी तो दर शनिवारी पुसते. जूनमध्ये फोन आला, तेव्हा नवं माप मागवायला हवं होतं. त्यासाठी तुला फोन करावा लागला असता. 'एवढं माप घेऊन पाठव,' एवढंच म्हणायचं होतं. नाही केला. फळीवरचा साचा उचलला, त्यावर काम केलं, आणि बाबा इथेच तर आहेत असं मनाशी म्हटलं. ते तिथे नव्हते. तिथे सात वर्षांपूर्वीचे बाबा होते.

दवाखान्यांची मापं परत पाठवणारी ती खडूस बाई ती मीच.

मी त्यांना विचारलं, 'बाबा, नऊ महिने बोलला का नाहीत?' तर म्हणाले, 'तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, त्याच्याकडे गेल्यावर बिघडलं. त्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, तिला काम येत नाही. तुमचं आधीच बोलणं नाही. म्हटलं, असू दे. पोटात ठेवलं.' आणि ताट स्वच्छ कसं असायचं, तर सगळं आख्खंच्या आख्खं गिळायचे. भांडण नको म्हणून. कुणाला सांगायचं हे?

मग मी रडले. रडून झाल्यावर पुन्हा संतापले, तो संताप तुझ्या वाट्याचा आहे, तेव्हा घे.

तुझ्या बायकोनं सगळं सांगितलं. तिनं तुला दोनदा सांगितलं होतं, 'बाबांना कवळी टोचतेय, बघा ना.' आणि तू काय म्हणालास? 'ती ताईची आहे, मी तिला फोन करणार नाही.' ती वाटीत कालवून द्यायला गेली, तर बाबांनी वाटी सरकवली, 'मी काय तान्हा आहे?' तिनं आणखी काय करायचं होतं? मागच्या पत्रात मी तिच्याबद्दल नाही नाही ते लिहिलं. तिच्यासमोर बसून माफी मागितली. तुझी अजून मागायची आहे, पण ती वेगळी गोष्ट.

पोटाचा एवढा मोठा डॉक्टर, शेकडो मैलांवरून माणसं येतात तुझ्याकडे. वडिलांच्या पोटाला भोक पाडायची तुझी तयारी होती, पण बहिणीला एक फोन करायची नव्हती. मला तुझ्यावर थुंकावंसं वाटलं. मग आठवलं की मीही तोच फोन केला नव्हता. तू खालून सुरुवात केलीस आणि मी जुन्यावरून. माणूस मधल्यामध्ये उपाशी.

आणखी एक कबुली. चार वर्षांपूर्वी जिन्यात मी काय बोलले ते 'सोड' असं लिहिलं होतं. मी म्हणाले होते, 'घेऊन जा, आणि परत आणू नकोस.' बाबा बॅगेशेजारी उभे होते. त्यांनी ऐकलं.

उद्या सकाळच्या बसनं बाबांना घेऊन जातेय. पळवून नेलं म्हण हवं तर. १८ तारीख रद्द कर. तुझ्या बायकोची परवानगी आहे, बाबांची आहे, तुझी मागितलेली नाही.

टोपलीतलं एक सफरचंद मी खाल्लंय. आख्खं, चावून. बाबा बघत होते. तेवढं मला बघवलं नाही.

— दाढ


२८ मार्च

जठरा,

तुझा फोन वाजत होता ते कळत होतं. उचलला नाही, कारण हाताला प्लॅस्टर होतं. हे निम्मं खरं आहे.

आमच्या दंतवैद्य बाईंनी बाबांचं तोंड पाहिलं आणि माझ्याकडे वळून अशी काही झाडली की मी फक्त मान खाली घालून उभी. 'मापाशिवाय कवळी? तू? दुसऱ्या कुणी केलं असतं तर तू त्याचं बिऱ्हाड रस्त्यावर आणलं असतंस!' बाबा खुर्चीत आडवे, तोंड उघडं, आणि डोळ्यांनी हसतायत. मला त्यांचाही राग आला. आठवडाभर जखम भरू दिली, त्या दिवसांत मी त्यांना कालवून भरवलं. माझ्या हातची वाटी त्यांनी सरकवली नाही. मग बाईंनी नवं माप घेतलं, नवा साचा ओतला, मेणात दात लावले, दोनदा तोंडात घालून बघितले. प्रत्येक वेळी मी शेजारी उभी. धूळ उडू नये म्हणून घासायचं सगळं काम खालच्या खोलीत हलवलंय. हे तुला हिणवायला लिहीत नाही. धुळीचं तू बोललास ते खरंच होतं, मला ते जिन्यात ऐकायचं नव्हतं.

परवा कवळी बसली. पहिल्याच दिवशी एके ठिकाणी टोचली, तर बाबा ताबडतोब म्हणाले, 'इथे टोचतंय.' जठरा, एवढी चांगली तक्रार मी आयुष्यात ऐकली नव्हती. जराशी घासून दिली, झालं.

काल सकाळी त्यांनी पावाचा तुकडा मागितला. नुसता, काही न लावता. घातला तोंडात आणि बोट वर केलं, म्हणजे वर्ग शांत. चावतायत, चावतायत. मी मनात मोजत होते. तिशी ओलांडली. कानशिलाजवळचा स्नायू हलताना दिसत होता, मी किती महिन्यांनी, किती वर्षांनी तो पाहिला कोण जाणे. मग डोळे मिटले आणि म्हणाले, 'झाला गोड.' आठवतं ना, लाळेनं पावातल्या पिठाची साखर होते, पण घास तोंडात ठेवावा लागतो, घाई केली तर नाही होत? दर वर्षी आख्ख्या वर्गाला ते पाव चघळायला लावायचे आणि पहिला जो 'गोड' म्हणेल त्याला शाबासकी. काल शाबासकी द्यायला कुणी नव्हतं, म्हणून मी दिली. द पण आला बरं का. 'दाढे' असं खणखणीत.

मग म्हणाले, 'माझं काम झालं. पुढे कुणाकडे देऊ? जठर कुठे आहे?' मी म्हटलं, 'बाबा, तो रागावलाय.' तर म्हणाले, 'त्या वेळीही रागावला होता. आणि त्या वेळीही त्याचं बरोबर होतं.'

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, तू भोकाड पसरून खेळ मोडलास. का पसरलंस ते लिहिलं नव्हतं. त्या रविवारी मला कंटाळा आला होता. मी वर्तमानपत्राचा बोळा फाडलाच नाही, तसाच आख्खा खाली ढकलला. तो घरंगळत तुझ्यापाशी आला. तू दोन्ही हातांनी घुसळत राहिलास, लाल झालास, काही होईना, आणि मग रडत ओरडलास, 'बाबा, ताईनं न चावता दिलं!' मी कानांवर हात ठेवले, मी फाडला होता म्हणून शपथ घेतली. सगळे तुला हसले. चाळीस वर्षं झाली त्याला. तू खोटं बोलत नव्हतास, मी बोलत होते.

वजन दीड किलो वाढलंय. तुझ्या वहीत लिही.

तुझा फॉर्म परत पाठवतेय. मी सही केलेली नाही. मात्र काल बाबांच्या हाती तो लागला. आधी उलटसुलट करून वाचला, मग पेनांच्या डब्यातली लाल पेन्सिल काढली आणि आडव्या अक्षरात शेरा मारला. मला पुसायचा होता, त्यांनी पुसू दिला नाही. तूच वाच :

'पहिली पायरी गाळली आहे. दोघांनाही शून्य. समक्ष येऊन भेटणे.'

खाली सही. पूर्वी प्रगतिपुस्तकावर करायचे तशीच.

मी म्हटलं, 'बाबा, मलाही शून्य?' म्हणाले, 'तुला आधी.'

तेव्हा तू एकटाच नापास झालास असं समजून घरात कुढत बसू नकोस. रविवारी ये. बायकोला घेऊन ये, तिला मी कबूल केलंय. फोन करायची गरज नाही, दार उघडंच असेल. वरून चौथी पायरी रिकामी आहे.

या वेळी कागद मी नीट फाडून देईन.

तुझी ताई